उतार टेकेना

परवाची, गुरुवारची गोष्ट. आधीच सांगून ठेवते, मी भुताबितांवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. मला भीती दोनच गोष्टींची वाटते, पाल आणि सकाळची डेडलाइन. आणि गुरुवारी रात्री साडेनऊला मी ऑफिसात होते, म्हणजे पाल नव्हती हे तुम्हाला कळलंच असेल.

आमचं ऑफिस म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. आम्ही रस्ते डिझाइन करतो. ऐकायला भारी वाटतं, पण करायचं काय, तर दिवसभर स्क्रीनसमोर मान अवघडून घ्यायची. रस्ता जमिनीपेक्षा उंच असला की त्याच्या कडेने मातीचा उतार सोडावा लागतो, आणि तो उतार खाली कुठेतरी जमिनीला टेकला पाहिजे. एवढंच. सॉफ्टवेअर रस्त्याच्या कडेपासून एक रेघ खाली सोडतं, सर्व्हेवाल्यांनी मोजलेली जमीन शोधतं, सापडली की थांबतं. नाही सापडली तर रेघ हवेत लोंबकळते आणि स्क्रीनवर लाल खूण येते.

गुरुवारी माझी रेघ लोंबकळत होती. एका जुन्या रस्त्याचं रुंदीकरण. अख्खा रस्ता हिरवागार, आणि एका ठिकाणी, डाव्या बाजूला, लाल. दोन तास मी त्या लाल खुणेशी भांडत होते. शेवटी सापडलं! नवा सर्व्हे त्या बाजूला कमी पडत होता म्हणून मी जुन्या फोल्डरमधला जुना सर्व्हे वापरत होते, आणि कॉपी करायचा कंटाळा म्हणून सरळ ओरिजिनल फाइलच उघडली होती. त्यात एक पॉइंट चक्क अडीच मजले खाली. आजूबाजूची जमीन सपाट आणि हा एकटा पाताळात. सर्व्हेवाले प्रत्येक पॉइंटपुढे तो कशाचा ते लिहितात. झाड, खांब, गटार, कुंपण. याच्यापुढे लिहिलं होतं, 'माणूस'.

म्हटलं, सर्व्हेवाल्यांनाही रात्री उशिरापर्यंत बसवतात वाटतं. आणि उडवला. उतार टच्च जमिनीला टेकला, लाल खूण गायब, मी खुर्चीतच एक गिरकी घेतली.

पण आमच्याकडे काकांचा एक नियम आहे. सर्व्हेचा पॉइंट विचारल्याशिवाय पुसायचा नाही. पॅसेजमध्ये त्यांच्या चपला वाजल्या तशी मी घाईघाईने कंट्रोल झेड मारलं, पॉइंट परत आणला, आणि शहाण्या मुलीसारखं विचारलं, "काका, हा एक पॉइंट चुकून आलाय. उडवू का?"

काका आमच्याकडे सगळ्यात जुने. कागदावर शाईने रस्ते काढायचे तेव्हापासूनचे. ते मागून वाकले. बघितलं. हातातला कप माझ्या टेबलावर ठेवला, तो नीट ठेवलाच गेला नाही, थोडा चहा सांडला.

"कुठली फाइल ही?"

"जुन्या फोल्डरमधली."

"हात काढ."

"काय?"

"माउसवरून हात काढ आधी, पोरी."

आणि तेवढ्यात लाइट गेले. खोटं वाटेल, पण गेले. यूपीएसने दोन-चार शिट्ट्या मारल्या आणि त्यानेही जीव टाकला. शेजारच्या टेबलावरून बॅटरी ओरडला, "सेव्ह केलं होतंस?" बॅटरी म्हणजे आमच्यातला चष्मेवाला. मी म्हटलं, "तू आहेस ना बॅटरी, मग चालू हो." तो हसला. काका हसले नाहीत.

"खाली गाडी थांबलीये ना?" त्यांनी विचारलं.

गाडी थांबलेली होती. उशीर झाला की दगडूदादा आम्हाला घरी सोडतात. त्यांचं खरं नाव दुसरंच काहीतरी आहे. आमच्या बिल्डिंगचं पार्किंग एवढं सपाट की तिथे कॅरम खेळावा, तरी हा माणूस गाडी लावली की हँडब्रेक ओढतो, गियरमध्ये टाकतो, आणि शिवाय खाली उतरून पुढच्या चाकाला एक दगड लावतो. स्वतःचा दगड. डिकीत असतो. म्हणून दगडूदादा. बॅटरीने एकदा विचारलं होतं, "दादा, दगड सर्व्हिसिंगला कधी टाकायचा?" तेव्हाही ते नुसते हसले होते.

"लाइट येईपर्यंत बसा," काका म्हणाले. "सांगतो तुम्हाला. म्हणजे परत विचारणार नाही कुणी, उडवू का म्हणून."

मोबाइलची टॉर्च टेबलावर पालथी ठेवली. तिच्या कडेने जेवढा उजेड येत होता तेवढाच. काका सांगायला लागले.

*

तू बसतेस ना, त्याच टेबलावर एक जण बसायचा. आम्ही त्याला ओळंब्या म्हणायचो. गवंडी दोरीला जड गोळा बांधून भिंत सरळ आहे का बघतो, तो ओळंबा. हा तसाच. लांबलचक, किडकिडीत, आणि मान कायम खाली. पण कामाला एकदम सरळ. आपल्या धंद्यात एक चोरी चालते, माहितीये ना? उतार टेकत नसला की मनाने चार पॉइंट टाकायचे, खोटी जमीन बनवायची, की टेकला. ड्रॉइंगमध्ये कोण बघतंय! ओळंब्याने ते उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. "जिथे जमीन नाही तिथे जमीन आहे असं मी लिहिणार नाही," म्हणायचा. आम्ही चिडवायचो त्याला.

त्याला एक धाकटा भाऊ. वडील लवकर गेले, यानेच वाढवलेला. शिकायचा कंटाळा, पण मशीनवर हात चांगला. ओळंब्यानेच शब्द टाकून त्याला याच रस्त्याच्या कामावर लावला, पोकलेनवर, म्हणजे पट्ट्यांवर चालणाऱ्या खोदाईच्या मशीनवर. साइटवर पत्र्याचे कंटेनर होते, तिथेच झोपायची सोय. आई रोज फोनवर म्हणायची, धाकट्याकडे लक्ष दे रे. हा म्हणायचा, अगं मी डिझाइन करतोय तो रस्ता, माझ्या डोळ्यासमोर आहे तो चोवीस तास.

डिसेंबरचा दुसरा सोमवार होता. ओळंब्या जेवूनखाऊन रात्री अकराला ऑफिसात आला तो चार्जर विसरला म्हणून. फक्त चार्जर घ्यायचा आणि जायचं. घेतलाही. आणि साहेबांचा फोन. "आहेसच तर तेवढं एक बघ. सकाळी साइटला ड्रॉइंग पाहिजे, मशीन लागणार आहेत. एका ठिकाणी उतार टेकत नाहीये."

डेडलाइन तेव्हाही होत्या.

तो बसला. बघितलं, तर डावी बाजू, एकच ठिकाण. जमीन अगदी जवळ दिसतेय, सपाट, आणि उतार तिच्यापर्यंत जातच नाहीये. मग त्याने तूही जे केलं असशील तेच केलं. जमीन बरोबर निवडलीये का? बरोबर. सर्व्हे तिथे संपतोय का? नाही, चांगला पुढेपर्यंत आहे. कुठल्या पॉइंटची लेव्हल शून्य पडलीये का? एकेक तपासला. सगळे चोख. पुन्हा सगळं चालवून बघितलं. लाल.

मग त्याने रेघेची लांबी वाढवली. सॉफ्टवेअरला सांगतो ना आपण, एवढ्या अंतरापर्यंत जमीन शोध, नाही मिळाली तर सोड. ते अंतर त्याने दुप्पट केलं. रेघ पुढे गेली. खाली गेली. आणि गंमत बघ, सेक्शनमध्ये, म्हणजे रस्ता आडवा कापून दाखवतात त्या चित्रात, जमीनही खाली गेली. तेवढीच. आणखी वाढवलं. रेघ आणखी खाली. जमीन आणखी खाली. पाठलाग चाललाय जणू.

ओळंब्याला आधी रागच आला. वाढव, वाढव, वाढव. टेकत कशी नाही बघतो. मग त्याने वरून दिसणारा नकाशा उघडला, ही रेघ गेलीये तरी कुठपर्यंत बघायला.

रेघ कंटेनरच्या खालून गेली होती.

*

(इथे बॅटरी म्हणाला, "काका, पाणी देऊ?" काका म्हणाले, "नको." मला तेव्हाच उठून खाली जावंसं वाटलं होतं. का ते सांगता येणार नाही.)

*

त्याच मिनिटाला त्याचा फोन वाजला. धाकटा.

"दादा, जागा आहेस? अरे, मशीन घसरतंय."

"घसरतंय म्हणजे?"

"उभं केलेलं मशीन रे. बंद. आवाज आला म्हणून बाहेर आलो, तर आपोआप सरकतंय. पट्ट्याखाली दगड लावला तेव्हा थांबलं. सपाटावर असं कसं काय?"

ओळंब्याच्या हातातून चार्जर पडला. म्हणाला, "आत जा तू. कंटेनरमध्ये जा आणि दार लाव."

"जातोच आहे. थंडी काय आहे... दादा."

"काय?"

"इथे उतार कुठून आला?"

"कुठे?"

"कंटेनरकडेच निघालोय ना मी. पण पाय खाली पडतायत. उतार लागलाय. कंटेनर वर राहिला."

"मागे फिर. वर चढ."

"फिरलो."

"मग?"

"मागेही खालीच आहे."

ओळंब्या मला सांगताना हे वाक्य परत परत सांगायचा. मागेही खालीच आहे. जिकडे तोंड करू तिकडे खाली.

"थांब," तो ओरडला. "आहेस तिथे बस. बसून राहा."

"बसता येत नाही रे. माती सरकते. पाय थांबत नाहीत... दादा, तू काहीतरी कर ना."

काहीतरी कर! लहानपणी पतंग झाडाला अडकला की म्हणायचा तसं. काहीतरी कर ना.

ओळंब्याने फोन स्पीकरवर टाकला. पहिलं म्हणजे रेघेचं अंतर पुन्हा कमी केलं. जुना आकडा टाकला. रेघ मागे आली नाही. कंट्रोल झेड मारलं. नाही. परत मारलं. मारतच राहिला. रेघ तिथेच, कंटेनरच्या पलीकडे, लोंबकळत. फोनमधून धाप ऐकू येतेय, दगड गडगडत जातायत, आणि ते खाली कुठे पडल्याचा आवाज येत नाहीये.

"कंटेनरचा दिवा दिसतो का तुला?"

"दिसतो."

"कुठे?"

"वर. लांब... एवढासा."

मग त्याच्या मनात आलं, उतारच पुसून टाकावा. तो कोपराच डिलीट करावा. रस्ताही नको, ड्रॉइंगही नको, नोकरी गेली खड्ड्यात. त्याने उतार सिलेक्ट केला. बोट डिलीटवर नेलं.

आणि थांबला.

धाकटा त्या उतारावर उभा होता. उतार पुसला... तर तो कशावर उभा राहील?

पोरांनो, माणूस असा बसलेला मी बघितला नाही, पण मला तो दिसतो. सगळ्या ऑफिसात एक स्क्रीन चालू. घामाने शर्ट भिजलेला. हात की-बोर्डवर, आणि दाबायला एकही बटण नाही. सॉफ्टवेअरचं सगळं त्याला पाठ होतं. सगळं करून झालं होतं. उताराला जमीन पाहिजे होती. आणि जमीन नव्हती.

जमीन नव्हती... तर द्यायला पाहिजे होती.

जे त्याने कधी केलं नव्हतं ते. खोटी जमीन.

पॉइंट कुठे टाकायचा ते कळत होतं, रेघेच्या टोकाला. पण लेव्हल काय टाकायची? किती खाली? धाकटा किती खाली गेलाय, कोण मोजणार?

"किती खाली आलायस? अंदाजे सांग."

"काय माहीत..."

"दोन मजले? तीन?"

"दादा, मला तुझा आवाज वरून येतोय."

"मजले सांग रे, माझ्या राजा!"

"दोन... दोन असतील..."

समजतंय ना, त्याची अडचण काय होती? लेव्हल जास्त खोल टाकली, तर तो आणखी खाली जाणार. पण वरची टाकली... चुकून वरची टाकली... तर जमीन त्याच्या डोक्यावर तयार होणार.

त्याने अडीच मजल्यांचा आकडा टाकला. पॉइंट कशाचा, ती जागा रिकामी होती. रिकामी ठेवली तर सॉफ्टवेअर पॉइंट घेत नव्हतं. झाड नाही. खांब नाही. काय लिहिणार? लिहिलं.

एंटर.

रेघ हलली. खाली आली. पॉइंटला... टेकली.

लाल खूण गेली.

फोनमध्ये काही नाही. धाप नाही. दगड नाहीत. काही नाही.

"अरे..."

काही नाही.

"अरे, बोल ना..."

खूप वेळाने, अगदी हळू,

"दादा. लागली."

*

बॅटरीने चष्मा काढून उगाचच पुसला. अंधारात.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय. हा मोटरसायकल काढून रात्रभर चालवत गेला. उजाडताना पोचला. तर सगळं सपाट. कुठे उतार नाही, खड्डा नाही, भेग नाही. मशीन जागेवर, पट्ट्याखाली दगड. आणि कंटेनरपासून हाकेच्या अंतरावर धाकटा बसलेला, गुडघे पोटाशी घेऊन. याने जवळ घेतलं त्याला. तर म्हणतो, दादा, मी अजून खालीच आहे का?"

"पण तो वर कसा आला?" बॅटरी.

"तेच तर त्यानेही विचारलं. मी वर कधी आलो? ओळंब्या काय सांगणार! ड्रॉइंग साइटला गेलं, रस्ता झाला, गाड्या धावल्या, कुणाला काही कळलं नाही. दोन-तीन दिवसांनी ओळंब्याला ती खोटी जमीन टोचायला लागली. सरळ माणूस ना. म्हणाला, आता सगळं नीट आहे, पुसून टाकू. पॉइंट पुसला... आणि फोन वाजला. धाकट्याचा. याने फोन नंतर उचलला. आधी पॉइंट परत आणला."

मी टेबलाखाली माझे हात एकमेकांत घट्ट धरले होते.

"पण हे झालं कशामुळे?" बॅटरीने विचारलं. "काय होतं तिथे?"

"मला काय माहीत? सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना विचार." काका उठले, खिडकीशी गेले. "ओळंब्या तापाने गेला, दहा वर्षं झाली. हॉस्पिटलमध्ये मला एवढंच म्हणाला, फाइल सांभाळ आणि धाकट्याला सांभाळ. तेव्हापासून कॉम्प्युटर किती बदलले, सर्व्हर बदलला, ते फोल्डर मी हाताने नेतो. कधी उघडत नाही. कुणी उघडेल असं वाटलं नव्हतं."

"आणि धाकटा कुठे असतो?"

काका बोलायला वळले आणि लाइट आले.

मी स्क्रीनवर झडपच घातली. कॉम्प्युटर चालू व्हायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढा वेळ मी आयुष्यात कशाची वाट बघितली नसेल. रिझल्टची नाही, कशाची नाही. कारण मला मधेच आठवलं होतं, सेव्ह मी केलंच नव्हतं, फाइल आपोआप सेव्ह होते, अधूनमधून, तिच्या मर्जीने. ती कधी झाली असेल? मी पुसला होता तेव्हा? की परत आणला त्यानंतर?

सॉफ्टवेअरने विचारलं, वाचवलेली फाइल उघडू का? उघड, बाई, उघड.

पॉइंट होता. डाव्या बाजूला, अडीच मजले खाली. माणूस.

मी टेबलावर डोकं टेकलं. बॅटरी म्हणाला, "रडतेस काय?" मी म्हटलं, "गप रे." सकाळचं ड्रॉइंग मी तसंच सोडलं, लाल खुणेसकट. साहेबांची बोलणी खाईन. खुशाल खाईन. काकांनी फाइलला कुलूप लावलं, पासवर्ड टाकला, आणि आम्ही जिना उतरलो. लिफ्ट होती, पण कुणालाच लिफ्टमधून खाली जायचं नव्हतं.

पार्किंगमध्ये दगडूदादा गाडीला टेकून उभे होते. आम्हाला बघून पुढे आले. एवढी वर्षं बघतेय मी त्यांना, पण त्या रात्री पहिल्यांदा त्यांचं चालणं बघितलं. मागे रेलून. टाच आधी टेकवत, जपून. सपाट फरशीवर. आपण उतारावरून खाली येताना चालतो ना, तसं.

मी काकांकडे बघितलं. काकांनी मान खाली घातली.

"चला ताई," दगडूदादा म्हणाले. "जरा थांबा हं, दगड काढतो."

ते वाकले. पुढच्या चाकाचा काढला. मग फिरून दुसऱ्या बाजूला गेले. मग मागे.

"दादा," मी म्हटलं, "आज चारही चाकांना?"

"हो ना. मगाशी जरा घसरली."

"कधी?"

"साडेनऊ झाले असतील. क्षणभरच. मग आपोआप थांबली." माझ्याकडे न बघता ते हसले, नेहमीसारखे. "तुम्ही काळजी करू नका. हळू नेतो."

मी मागे बसले. त्यांनी चारही दगड एकेक करून डिकीत ठेवले. एक त्यांचा नेहमीचा, गुळगुळीत, हात लागून लागून काळा झालेला. बाकीचे तीन ओल्या मातीने माखलेले होते.

आमच्या गल्लीत माती कुठेच नाही.